कुर्ली, भाग सातवा

वेंगुर्ल्याच्या बंदरावर
बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यावर आमचा स्टुडिओ.
जिन्याला अजून अमोनियाचा वास.
अकरा मुलं, नऊ टेबलं, एक इन्व्हर्टर,
आणि सात तारखेला सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

मी चित्रं काढत नाही.
आधीच सांगते, कारण लोक विचारतातच,
विश्राम गिरपांची मुलगी ना तुम्ही, मग हात कसा आहे?
हात सह्यांपुरता आहे.
चेक, करार, विजेचं बिल.
शिवाय बाबांच्या जुन्या सेल्युलॉइडना बुरशी धरू नये म्हणून
पेटीत तांदळाच्या पुरचुंड्या बदलणं,
दर पंधरवड्याला, न चुकता.

आजोबा हलते देखावे करायचे.
गणपतीमागे पडदा, पडद्यामागे सायकलची रिम,
सुतळी, मोडक्या शिलाई मशीनचं पायडल.
राक्षस मान डोलवायचा,
निळ्या लुगड्याचा समुद्र उसळायचा,
दाभोलीहून माणसं कंदील घेऊन बघायला यायची.
एका वर्षी तिसऱ्या रात्री सुतळी तुटली.
आजोबा पडद्यामागे उकिडवे बसले
आणि आरतीपासून कोंबडा आरवेपर्यंत
राक्षसाची मान हाताने हलवत राहिले.
सकाळी विचारलं, "कोणाक कळूक नाय मां?"

बाबांनी मुंबईत एकोणीस वर्षं
दंतमंजनाच्या जाहिरातीतल्या दातांना हातपाय काढले,
सेकंदाला चोवीस.
मग गावी आले आणि स्वतःची अशी एक कुर्ली काढली.
काळपट. एक डेंगा मोठा, एक लहान.
तिच्या चालीसाठी सबंध मे महिना
मांडवीच्या चिखलात बसून होते,
आठांतला कुठला पाय आधी उचलते ते बघत.
वहीत शेवटी एकच ओळ:
घाई असली तरी आडवीच.

गुरुग्रामहून कॉल आला.
त्यांच्याकडे आलेख होता.
पाठलाग सुरू झाला की अडीचाव्या मिनिटाला
मुलं दुसरं काहीतरी लावतात.
"मॅडम, तिला सरळ पळवा ना, कॅमेऱ्याकडे.
आडवं पळणं पळण्यासारखं वाटत नाही."
मी म्हटलं, विचार करून सांगते.
विचार असा केला:
अकरा पगार, अधिक बँकेचा हप्ता,
अधिक बाबांच्या गोळ्या, अधिक सात तारीख.

सातव्या भागात कुर्ली सरळ पळाली.

बाबांना दाखवलं.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.
"कुर्ली सरळ चालता काय गो कधी?"
मी गप्प.
"पोरांचो पगार झालो?"
झाला.
"मग बरा आसा,"
असं म्हणून भिंत धरत धरत जिना उतरले
आणि धक्क्यावर जाऊन बसले, होड्यांकडे तोंड करून.
जेवायला बोलवायला गेले तेव्हाही तसेच.

त्यांचा हात थरथरतो आता.
तरी रोज दुपारी एखादं पान काढतात,
रेघ पाण्यात पडल्यासारखी हलते.
मुलं म्हणतात, काका, मशीनवर सरळ करून देतो.
ते पान उलटं ठेवतात.

आठव्या भागाचं रेंडर लावलं त्या रात्री
वीज तीनदा गेली.
मुलांना घरी पाठवून मी मशीनपाशी बसले,
इन्व्हर्टरचा दिवा हिरवा, पिवळा, हिरवा.
दोनच्या सुमारास बाबांच्या टेबलावरची
उलटी पानं सुलटी केली.
चार होती.
स्कॅन कसं करायचं ते मुलांना बघून बघून येतं मला.
लाट फुटते, कुर्ली फेसात दिसेनाशी होते,
त्या फेसात चारही बसवली.
एका सेकंदाचा सहावा हिस्सा.
हात ओला झाला होता, परकराला पुसला.

गुरुग्रामहून आलं: मंजूर.
एकोणीस तारखेला पैसेही आले.

रविवारी पडवीत फोनवर तो भाग लावला.
बाबा भाकरी कुसकरत अर्धवट बघत होते.
लाट आली, गेली.
त्यांचा हात ताटातच थांबला.
"वायच मागे घे गो," म्हणाले.